लेकीचं गाडगं

कोल्हापूरहून पंचगंगेच्या काठाकाठानं गेलं की वडकुसे नावाचं गाव लागतं. नकाशात ते शोधायला जाल तर डोळे दुखतील, पण हिवाळ्यात उकळत्या रसाच्या वासावर माणूस आपोआप तिथं पोचतो. गावात अजून एक जुनं गुऱ्हाळ चालतं. पाहुणे येतात, उभ्या उभ्या गरम गूळ खातात, काकवीच्या बाटल्या पिशवीत भरतात, आणि निघता निघता त्यांचं लक्ष रस उकळायच्या चुलवाणामागच्या भिंतीकडे जातं. त्या भिंतीत चाळीसेक कोनाडे आहेत. प्रत्येक कोनाड्यात एक गाडगं, तोंडाला फडकं, फडक्यावर मातीचा लिंपा, आणि गाडग्याच्या पोटावर चुन्यानं लिहिलेलं एका मुलीचं नाव.

हे काय, असं विचारलं की सातगोंडा आप्पा आधी पाहुण्याला पोत्यावर बसायला लावतात. आप्पांनी पन्नास वर्षं गूळ काढला. आता हात थरथरतात म्हणून ते फक्त बोलतात, आणि तेही गूळ काढल्यासारखंच बोलतात, म्हणजे घाई केली तर रागावतात. ही उभ्यानं ऐकायची गोष्ट नव्हे, म्हणतात.

वडकुशात कुणाच्या घरी मुलगी झाली की गाडगं भरतात. खपली गव्हाचं पीठ, काकवी, थोडं तूप, त्यात सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ आणि चिमूटभर पापडखार. हे सगळं घट्ट मळून गाडग्यात दाबायचं आणि चुलवाणाच्या उबेला ठेवून द्यायचं. ते उघडायचं थेट त्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. तेव्हा ते पीठ लाटून, भाजून त्याच्या काळ्याभोर खमंग वड्या होतात. अठरा-वीस वर्षं पीठ टिकतं कसं, असं पाहुणा हमखास विचारतो. आप्पा म्हणतात, "ते पिठाला इचारा. आमी फक्त ठेवतो."

आणि मग सांगतात की ही रीत मुळात आपली नव्हे, ती पोलंडची.

असं सांगतात की मोठ्या लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. हजारो माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. देश सुटला होता, घरं गेली होती, कुणाचा नवरा गेला होता, कुणाचं लेकरू. पण सण आला की त्या बायका पदर खोचून चुलीपुढे बसायच्या, म्हणजे त्यांना पदर नव्हता, पण बसायच्या तशाच. खसखस वाटून, ती पिठाच्या पोळीवर पसरून, गुंडाळी करून भाजायच्या. शिजवलेल्या गव्हात खसखस आणि गोड घालून खीर करायच्या. ती पाहून आपल्या बायका चकित व्हायच्या, की ही तर आपलीच हुग्गी, हिला सात समुद्रांपलीकडं कुणी नेली! त्यांच्या उपासाच्या दिवसांआधी एका गुरुवारी त्या तळलेले गोड गोळे इतके खायच्या, की पुढचे चाळीस दिवस आठवणीवर निघावेत. आणि नाताळाला मसाल्याची एक वडी करायच्या, तिचं नाव पिएर्निक. तिला मध लागतो. एवढ्या माणसांना पुरेल इतका मध इथं कुठून आणायचा? म्हणून त्यांच्यातली एक बाई काकवीच्या शोधात वडकुशाच्या गुऱ्हाळात आली.

तिचं नाव लेओकादिया. गावानं पहिल्याच दिवशी तिचं लोकाबाई करून टाकलं आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं. उंच, हाडकुळी, हाताची नखं अगदी बुडापर्यंत कापलेली. दोन वर्षांत ती मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली होती. छावणीतलं तूप किंवा मसाल्याची पुडी द्यायची आणि चरवीभर काकवी न्यायची, असा तिचा येण्याजाण्याचा परिपाठ पडला.

गुऱ्हाळात तेव्हा गूळ काढणारा यसबा गुळव्या होता, आणि यसबाच्या घरात त्याची आई आवडाबाई. नाव आवडा, पण गावात कुणाची ती फार आवडती होती असं म्हणता येणार नाही. तोंडानं फटकळ. तिच्या दारावरून जाताना बाया आवाज खाली करायच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून तिनं कुणाच्या दारात मूठभर मीठ मागितलं नव्हतं आणि कुणाला दारात फार वेळ उभंही केलं नव्हतं. पण आप्पा म्हणतात, की अशी माणसं मायेनं कमी नसतात, माया त्यांना झेपत नाही म्हणून ती करवादतात.

आवडाबाईच्या सुनेला, सगुणाला, दोन मुली झाल्या आणि दोन्ही बारशाआधी गेल्या. दोन्ही वेळा आवडाबाईनं पाचवी पुजली होती, सटवाईपुढं दिवा लावला होता, पाळण्याला दोरी बांधली होती. दुसरीच्या वेळी तर तिनं नावही मनात योजून ठेवलं होतं, पण ते कुणाला सांगितलं नाही आणि नंतर सांगायची वेळच उरली नाही.

तिसरी मुलगी पौषात झाली. सुईणीनं तिला पुसून सुपात ठेवलं आणि काही न बोलता हात धुतले. मूल इतकं लहान होतं की रडलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू जाईना. आवडाबाईनं सगळं केलं. पाणी तापवलं, शेक दिला, सुनेचं डोकं बांधलं. फक्त त्या मुलीकडे पाहिलं नाही. पाचवी पुजली नाही, पाळणा माळ्यावरून काढला नाही. तिसऱ्यांदा जीव लावायचा आणि तिसऱ्यांदा नदीकाठी जायचं, हे तिला आता जमणार नव्हतं. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की ही पोर जाणार, आणि आपण तिला पाहिलेलीच नाही.

नेमकी पाचव्या दिवशी दुपारी लोकाबाई काकवीला आली. घरात मूल झालंय आणि घर मात्र सुतकासारखं गप्प, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती आत गेली, सुपाजवळ बसली, मुलीच्या तळव्यावर आपलं बोट ठेवलं. मुलीनं ते धरलं. लोकाबाई बाहेर आली आणि तिनं एक गाडगं मागितलं.

आवडाबाईला वाटलं, बाई काकवी नेणार असेल. पण लोकाबाईनं तिथंच बैठक मारली, पीठ मागून घेतलं, आपल्या पिशवीतलं तूप आणि मसाला काढला आणि मळायला लागली. मळता मळता मोडक्या मराठीत तिनं सांगितलं, की आमच्या गावात मुलगी झाली की हे पीठ मळतात आणि तळघरात ठेवतात. मुलगी मोठी होते, पीठ मुरत राहतं. लग्नाच्या दिवशी गाडगं उघडतं.

"पोरगी लगीन, तेव्हा उघडा," ती म्हणाली. "आधी नाही."

पाच दिवसांच्या, सुपात मावणाऱ्या, सुईणीनं हात धुऊन सोडलेल्या पोरीच्या लग्नाची तयारी एक परकी बाई तिच्या अंगणात बसून करत होती. हे ऐकवत नव्हतं आणि थांबवतही येत नव्हतं. तळघर तर गावात कुणाकडेच नव्हतं, म्हणून यसबानं ते गाडगं चुलवाणामागच्या कोनाड्यात ठेवलं. तिथं ऊब असते, ओल नसते.

पुढं जे झालं ते दोन तऱ्हेनं सांगतात.

काहींचं म्हणणं असं, की आवडाबाईला बिचारीला समजलंच नाही. काकवी, तूप, सुंठ, मिरी, लवंग म्हटल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही बाईला काय वाटणार? हे बाळंतिणीचं खाणं. आपल्या लेकीसुनांना आपण हेच चारतो. तिनं ते सगुणाला चारलं, यात चूक काय?

आप्पांना ही तऱ्हा पसंत नाही. ते म्हणतात, आवडाबाईला सगळं समजलं होतं. पण लढाईचे दिवस होते, तूप तर घरात डोळ्यालाही नव्हतं, सगुणाला ताप होता आणि अंगावर दूध येत नव्हतं. सातव्या दिवशी आवडाबाईनं गाडग्यावरचं फडकं सोडलं, आत हात घातला आणि मूठभर पीठ काढलं. यसबानं अडवलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "जी जगायची न्हाई तिच्या लग्नाचं राखू, आन् जी जिती हाय तिला उपाशी ठेवू व्हय रं?"

ते पीठ तिनं गरम पाण्यात कालवून, आटवून, वाटीनं सुनेला पाजलं. आठव्या दिवशी पुन्हा. नवव्या दिवशी दोनदा. दहाव्या दिवशी सगुणाचा ताप उतरला आणि तिला दूध आलं. पोर प्यायला लागली. बाराव्या दिवशी सकाळी तिचं रडणं शेजारच्या खोलीत ऐकू आलं. तिथं भाकरी थापणाऱ्या आवडाबाईचा हात तसाच परातीत राहिला, आणि तव्यावरची भाकरी करपली.

आणि त्याच दुपारी लोकाबाई आली. बारशाला आले, म्हणाली. फडक्यात बांधून खसखशीची गुंडाळी आणली होती. घरात बारशाचं काहीच नव्हतं. पाळणा माळ्यावरच, दारात रांगोळी नाही. तिनं पोर पाहिली, पोरीचं तोंड दुधानं भरलेलं पाहिलं, हसली. मग म्हणाली, "गाडगं दाखव."

यसबानं आईच्या कानाशी लागून सुचवलं, उंदरांनी खाल्लं म्हणून सांगू. गुऱ्हाळात उंदीर असतातच, कुणालाही पटलं असतं. पण आवडाबाई स्वतः उठली, लोकाबाईला गुऱ्हाळात घेऊन गेली, कोनाड्यातलं गाडगं काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. तळाशी दोन मुठी पीठ उरलं होतं.

"उंदरांनी न्हाई, मी काढलं," ती म्हणाली. "सुनंला चारलं. मला वाटलं पोर काय जगत न्हाई. तुझ्यादेखत बोलले न्हाई, पर मनात त्येच हुतं."

आयुष्यात तिनं कुणाची माफी मागितली नव्हती. आताही मागितली नाही, पण तिची मान खाली होती आणि ते पाहून यसबाला रडू आलं, असं सांगतात.

लोकाबाईनं गाडग्यात वाकून पाहिलं. मग चुलवाणाच्या कडेला खाली बसली आणि बोलायला लागली. निम्मं आपल्या भाषेत, निम्मं मराठीत. पण गुऱ्हाळातल्या सगळ्यांना ते कळलं. घाणा थांबला होता, जाळ घालणारा जाळ घालायचा विसरला होता.

तिला एक मुलगी होती, हेलेंका. हेलेंका जन्मली त्या दिवशी तिच्या आजीनं पीठ मळून गाडगं तळघरात ठेवलं. हेलेंका नऊ वर्षांची असताना, ऐन बर्फात, परक्या फौजेचे शिपाई दाराशी आले. अर्ध्या तासात निघा, म्हणाले. लोकाबाईनं रजई घेतली, पिठाची पिशवी घेतली, देवाचं चित्र घेतलं. तळघराच्या पायरीवर ती क्षणभर उभी राहिली. गाडगं घ्यावं का? मग तिनं विचार केला, की ते तर लग्नाचं आहे. असू दे इथंच. सुगीपर्यंत परत येऊच की.

आगगाडीतल्या गुरांच्या डब्यात कोंबून त्यांना उत्तरेकडे नेलं. पिशवीतलं पीठ नवव्या दिवशी संपलं. तेव्हा हेलेंकानं विचारलं, आई, माझं गाडगं आणलंस का गं? पुढं रोज विचारायची. सतराव्या दिवशी विचारलं नाही.

"गोड होतं ते," लोकाबाई म्हणाली. "कच्चं, कडक, पण गोड. तोंडात धरलं असतं तर जगली असती. मी राखलं. लग्न, लग्न म्हणून राखलं." आणि मग आवडाबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "तू राखलं नाही. तू बरं केलं."

आवडाबाईनं हात सोडवून घेतले नाहीत. मग तिनं पदरानं आधी लोकाबाईचं तोंड पुसलं, मग आपलं. आणि उठून म्हणाली, "चल, पीठ मळाय पायजे."

घरात पीठ नव्हतं. मग त्या दिवशी वडकुशानं एक नवल पाहिलं. जिनं कधी मीठ मागितलं नाही ती आवडाबाई रिकामी परात घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नातीचं गाडगं भरायचंय, मूठभर पीठ घाला." शेजारणीला आधी वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिनं पीठ घातलं. दुसऱ्या दारात लवंगा मिळाल्या, तिसऱ्या दारात चमचाभर तूप. सात दारं हिंडून परात भरली, आणि मागून सात घरच्या बाया आपणहून आल्या. तळाच्या दोन मुठी पिठात ते नवं पीठ मिसळून आवडाबाईनं स्वतः मळलं. मळता मळता तिनं पहिल्यांदा सुपाकडं सरळ पाहिलं आणि म्हणाली, "हिचं नाव कमळ." दोन वर्षं मनात दाबून ठेवलेलं तेच नाव ते. तोवर यसबा माळ्यावर चढून पाळणा काढत होता.

तेव्हापासून वडकुशात गाडगं एका घरच्या पिठानं भरत नाहीत, सात घरांतून मागून आणतात. आणि लिंपण्याआधी त्यातली पहिली मूठ बाळंतिणीच्या पोटात जाते. पोलंडात ही दोन कलमं नाहीत, असं आप्पा थोड्या अभिमानानं सांगतात.

लढाई संपली, छावणी उठली. लोकाबाई जहाजानं कुठल्याशा देशी गेली. निघताना ती कमळच्या गालावर ओठ टेकवून आवडाबाईला म्हणाली, उघडाल तेव्हा आधी पोरीला द्या. नंतर तिचं पत्र आलं नाही. आलं असतं तरी वाचायला कुणाला येत होतं, असं आप्पा म्हणतात.

कमळ जगली. अंगानं नाजूकच राहिली, पण अठराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. नदीपलीकडचं नावाजलेलं घर, सगळं रीतसर बघणारं. मांडव गुऱ्हाळाच्याच पटांगणात पडला. आवडाबाई आता पुरती वाकली होती, पण गाडगं तिनंच फोडलं. आतलं पीठ काळं आणि दगडासारखं घट्ट निघालं, आणि वास असा सुटला की मांडवातली माणसं बोलता बोलता थांबली, असं सांगतात. वाफेवर धरून, मळून, लाटून, वर-खाली निखारे घालून बायांनी वड्या भाजल्या.

आता आपल्याकडं नवरीला लग्न लागेपर्यंत उपास असतो. अक्षता पडेपर्यंत पाण्यावर राहायचं. वरपक्षाची माणसं मांडवात येऊन टेकली होती, भटजी घटका बघत होते, आणि आवडाबाई वड्यांचं ताट घेऊन सरळ कमळपुढं जाऊन बसली. देवाला दाखवलं नाही, नवऱ्यामुलाला दिलं नाही. "खा," म्हणाली. कमळ गांगरली. आवडाबाईनं वडी मोडून तिच्या तोंडात घातली, वर दूध पाजलं, दुसरी मोडली.

नवऱ्याची आत्या ते पाहून ताडकन उठली. मुहूर्ताआधी नवरी जेवते? असलं वळण आमच्या घरात चालायचं नाही. आवाज चढला, चार पागोटी उठून उभी राहिली. यसबा हात जोडून पुढं झाला. लग्न मोडतंय की काय, असा प्रसंग आला. तेव्हा वराचे वडील पुढं आले. माणूस समजूतदार असावा. त्यांनी विचारलं, "आजी, एवढी कसली घाई? घटकाभर दम धरवत न्हाई व्हय?"

आवडाबाईनं ताट खाली ठेवलं नाही. म्हणाली, "दम धरूनच एक पोर गेली, पावणं. गाडगं भरल्यालं हुतं, घरात हुतं. लग्नाचं म्हणून राखलं, आन् पोर उपाशी गेली. लगीन मोडायचं तर मोडा. माझी पोर जेवल्याबिगर उठायची न्हाई."

वराच्या वडिलांनी हळू आवाजात विचारलं, "कुणाची पोर, आजी? तुमची?"

यसबाला वाटलं, आई आता सगळं सांगेल, छावणी, बर्फ, ती लांबची बाई. पण आवडाबाई म्हणाली, "व्हय. माझीच."

वराच्या वडिलांनी बहिणीला खाली बसवलं, भटजींना थांबायला सांगितलं, आणि कमळचं पोट भरेपर्यंत मुहूर्त थांबला.

आजही वडकुशातल्या लग्नात सगळ्यांत आधी नवरी जेवते. देवाच्या आधी, वऱ्हाडाच्या आधी, अक्षतांच्या आधी. एखादं नवखं वऱ्हाड असलं की कुणीतरी नाक मुरडतं आणि असं का म्हणून विचारतं. मग घरातली सगळ्यांत वयस्क बाई पुढं होते आणि सांगते, "आमची एक पोर उपाशी गेली." तिचं नाव, गाव, देश आता बहुतेकींना माहीतही नसतो. पण कुणाची पोर, असं विचारलं, तर प्रत्येक घरातली बाई एकच उत्तर देते, "माझीच."